टेबल सॉ वापरणाऱ्यांनो, पात्यामागची ती पट्टी काढून ठेवू नका

सातारी_रंधा
रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

दीड महिना झाला, लिहीन लिहीन म्हणत होतो. आता कमरेचा काळा डाग गेला आणि मशीनसमोर उभं राहताना छातीत धडधडणंही थांबलं, म्हणून लिहायला बसलोय. मी काही पेशाने सुतार नाही. नोकरी बँकेत, सुतारकाम शनिवार-रविवारचं. गेली सहा वर्षं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये करतोय. १० इंची पात्याचा टेबल सॉ, म्हणजे टेबलातून पातं वर आलेली यांत्रिक करवत, घेऊन तीन वर्षं झाली.

मुलीच्या पुस्तकांच्या कपाटासाठी १२ मिमी प्लायचे १४ इंच बाय १४ इंच तुकडे हवे होते. त्याच्या आदल्या आठवड्यात एका फळीत खाच पाडायची होती. खाच पाडताना पातं लाकडाच्या आतच राहतं, त्यामुळे वरचं गार्ड काढावं लागतं. माझ्या मशीनचं गार्ड पात्यामागच्या पट्टीवरच बसतं, म्हणजे रायव्हिंग नाईफवर. गार्डबरोबर मी ती पट्टीही काढून खणात टाकली. परत लावायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मी दिली नाहीत. खरं सांगायचं तर गेले काही महिने ती लावली की लाकूड तिच्याशी अडखळायचं, जोर लावून ढकलावं लागायचं. त्यामुळे ती नसली की मला बरंच वाटायचं.

पहिले दोन तुकडे नीट कापले. तिसरा कापून होत आला होता, तीन-चार बोटं उरली असतील. उजव्या हाताने ढकलत होतो, आणि हात फेन्सच्या, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून सरकवतो त्या सरळ कठड्याच्या, अगदी जवळ होता. डावा हात पात्याच्या बराच अलीकडे, टेबलाच्या कडेवर होता. तुकड्याचा पलीकडचा कोपरा फेन्सपासून एखादं सूतभर सुटल्याचं मला दिसलं, आणि त्यानंतर काहीच दिसलं नाही. ठाप्प असा आवाज आला आणि मी दोन पावलं मागे, कंबर धरून उभा. प्लायचा तुकडा माझ्या डाव्या कमरेवर आपटून मागच्या पत्र्यावर गेला होता. पत्र्याला पोचा आहे, आजही आहे.

तो तुकडा मी शेडच्या भिंतीवर टांगून ठेवलाय. त्याच्या खालच्या बाजूला पात्याने कोरलेला एक चरा आहे. कडेपासून सुरू होतो, चंद्रकोरीसारखा वळतो आणि मध्यापर्यंत जातो. सुरुवातीला केसाएवढा उथळ, मग दोन मिमी खोल. तुकडा पात्यावर चढला, फिरला आणि फिरता फिरता उडाला, हे सगळं त्या एका चऱ्यात वाचता येतं. डावा हात त्या तुकड्यावर असता तर तुकड्याबरोबर फिरत पात्यावर गेला असता. हे मला कळलं ते त्या रात्री तुकडा हातात घेऊन बसल्यावर.

मग पुष्कळ वाचलं, विचारलं. समजलं ते असं. पात्याचे आपल्याकडचे दात वरून खाली येतात आणि लाकूड टेबलावर दाबतात. मागचे दात खालून वर येतात. लाकूड मागच्या दातांना लागलं की ते उचललं जातं, आणि पात्याचा माथा तर आपल्याच दिशेने धावत असतो. १० इंची पातं मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर दाताचा वेग सेकंदाला ५३ मीटरच्या आसपास येतो, ताशी १९० किलोमीटर. लाकूड त्या वेगाला निघतं. माणसाला हात काढायला वेळच नसतो. पट्टीचं काम एवढंच, की कापलेलं लाकूड मागच्या दातांपर्यंत पोचू द्यायचं नाही.

तुम्ही लोक काय काळजी घेता? मशीन कसं लावता? मला नव्याने शिकायचंय.

---

गोदाकाठ
रविवार, रात्री १०.१५

वाचताना अंगावर काटा आला. दादा, थोडक्यात वाचलात. मुलीचं कपाट झालं का पुरं?

माझा प्रश्न जरा प्राथमिक आहे. मी नाशिकला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये शिकतेय, टेबल सॉला अजून हात लावलेला नाही. तिथले एकजण म्हणाले हातमोजे घाल, म्हणजे भीती राहणार नाही. घालायचे का?

---

आळीतले_काका
सोमवार, सकाळी ६.३०

गोदाकाठताई, हातमोजे मुळीच नकोत. मोज्याचा एक दोरा दातात गेला की पाठोपाठ बोट जातं. उघड्या हाताला दात लागला तर जखम होते, मोजा असेल तर तो अख्खा हात आत ओढतो. ओढणी नको, पदर नको, सैल बाही नको. केस बांधून, वर टोपी. अंगठी, कडं, गळ्यातली माळ काढून ठेवायची. आमच्याकडे कामाला येणाऱ्या पोरांच्या मनगटावर राखी आणि गंडेदोरे असतात. मशीनवर उभं राहायच्या आधी मी ते कोपरापर्यंत वर सरकवायला लावतो. पोरं नाराज होतात, पण ऐकतात.

आता सातारकर, तुमच्या पट्टीबद्दल. मी सावंतवाडीचा. आमच्या घरात तीन पिढ्या लाकूडकाम. वडील आणि काका दोघं मिळून ओंडके चिरायचे, एकजण वर उभा, एक खाली, मध्ये मोठी करवत. फणस, आंबा, ऐन, जे येईल ते. चार-पाच फूट चीर गेली की काका थांबायचे आणि चिरीत लाकडाची पाचर ठोकायचे. का? तर लाकूड मिटतं. ओलं असेल, तिरपं वाढलेलं असेल, उतारावरच्या झाडाचं असेल तर कापलेल्या दोन्ही बाजू एकमेकींकडे येतात आणि करवत आवळतात. पाचर पुढे पुढे सरकवत न्यायची हे माझं लहानपणीचं काम होतं. म्हणून सांगतो, तुमचा रायव्हिंग नाईफ म्हणजे तीच पाचर. हातकरवत आवळली गेली तर ती नुसती अडकते, दोन शिव्या देऊन सोडवायची. मशीनचं पातं अडकत नाही, ते लाकूड फेकतं.

प्लाय मिटत नाही, ती फेन्सपासून सुटते, तुमच्या बाबतीत तेच झालं. भरीव लाकूड मिटतं. पावसाळ्यात आणलेला आंबा चिरताना मी स्वतः पाहिलंय, पात्यामागे तीन मिमीची चीर दोन फुटांत निम्मी होते.

आणखी एक. तुम्ही फेन्सला चिकटून ढकललंत. ढकलायचं ते पातं आणि फेन्स यांच्या मधोमध. उजवीकडून ढकललं की पलीकडचं टोक डावीकडे वळणारच. हातगाडी एका दांडीने ढकलून बघा, तसंच.

---

स्टुटगार्टकर
सोमवार, दुपारी १.०५

काकांची पाचर वाचून मजा वाटली, कारण जर्मनमध्ये या पट्टीला म्हणतातच ‘श्पाल्टकाइल’, शब्दशः चिरीतली पाचर. तुमच्या काकांनी आणि इथल्या सुतारांनी एकाच कारणाने एकच नाव ठेवलंय.

मी इथे फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. सुतारकाम शिकणाऱ्या उमेदवाराला मशीनचे वेगळे कोर्स करावे लागतात, त्याशिवाय टेबल सॉवर उभं राहू देत नाहीत. तिथे शिकवलेली काही मापं माझ्या डोक्यात कायमची बसली. पाचर आणि पात्याचे दात यांत ८ मिमीपेक्षा जास्त फट नको. पाचरीचं टोक सर्वात वरच्या दातापेक्षा जेमतेम २ मिमी खाली. पातं आणि फेन्स यांच्यात १२ सेमीपेक्षा कमी जागा असेल तर हात आत न्यायचाच नाही, ढकलकाठी घ्यायची. ती काठी मशीनलाच अडकवलेली असते. शोधायला जावं लागलं तर माणूस शोधत नाही, हे त्यांना माहीत आहे.

आणि बटण दाबल्यावर पातं १० सेकंदांत थांबलंच पाहिजे, असा इथला नियम आहे. भारतातल्या बऱ्याच मशीनवर पातं बंद केल्यावरही कितीतरी वेळ फिरत राहतं. आवाज थांबलेला असतो आणि पातं मात्र फिरतच असतं. ते पूर्ण थांबेपर्यंत तुकडा उचलायला हात पुढे करू नका.

सातारी_रंधा, एक विचारतो. पट्टीला लाकूड अडखळायचं असं लिहिलंत. ते कधीपासून? मध्ये पातं बदललंत का?

---

मनगट
सोमवार, रात्री ९.२०

मी भूलतज्ज्ञ आहे. हाताच्या शस्त्रक्रिया होतात अशा ठिकाणी अकरा वर्षं काढली आहेत. लाकूड कापण्याचं मला कळत नाही, पण त्यानंतरचं पाहिलंय, म्हणून लिहिते.

कोयत्याने तुटलेलं बोट आणि करवतीच्या पात्याने गेलेलं बोट यांत फार फरक असतो. कोयता दोन भाग करतो. पातं मधला तीन मिमीचा भाग भुसा करून टाकतं. हाड, शीर, रक्तवाहिनी, सगळं तेवढं कमी झालेलं असतं आणि कडा फाटलेल्या असतात. त्यामुळे जोडणं अवघड होतं. बरेचदा आम्हाला बोट आखूड करूनच बंद करावं लागतं. अंगठा मात्र वाचवण्यासाठी डॉक्टर जिवाचं रान करतात, कारण अंगठ्याशिवाय पकडच नाही.

प्रत्येक वर्कशॉपच्या भिंतीवर एवढं लिहून ठेवा, कळकळीची विनंती आहे. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात छातीच्या वर ठेवा. हळद, चहापावडर, चुना काहीही भरू नका, नंतर ते काढण्यातच वेळ जातो. तुटलेला भाग असेल तर तो स्वच्छ ओलसर गॉझमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. थेट बर्फावर ठेवलेलं बोट गोठतं आणि मग जोडता येत नाही. बर्फावर ठेवून आणलेली बोटं मी पाहिली आहेत. माणसाने इतकं जपून आणलेलं असतं, आणि आम्हाला नाही म्हणावं लागतं. १०८ ला फोन करा आणि फोनवरच विचारा की सूक्ष्मशस्त्रक्रिया कुठे होते. जवळच्या दवाखान्यात टाके घालून मग पुढे पाठवणं, यात तास जातात. रुग्णाला काही खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यायची असते.

शेडमध्ये एकटे काम करत असाल तर घरात सांगून जा. फोन खिशात ठेवा, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नको.

---

सातारी_रंधा
सोमवार, रात्री १०.५०

मनगट, हे मी छापून लावतो. प्रथमोपचाराची पेटी शेडमध्ये होती, पण तिच्यात कापूस आणि कैलासजीवन एवढंच. उद्याच गॉझ आणतो.

स्टुटगार्टकर, हो, दिवाळीनंतर नवं पातं घेतलं होतं. मूळ पात्याचे दात गेले होते. सागाच्या दोन जुन्या दारांचं लाकूड वापरलं, त्यात ते बोथट झालं. का विचारलंत?

---

साईटवाला
मंगळवार, सकाळी ७.४५

मी दिव्याला राहतो, इंटिरियरच्या साईटवर सुतार आहे. तुमचं सगळं बरोबर आहे पण आमच्याकडे टेबल सॉ नसतो. आमच्याकडे मार्बल कटर असतो. प्लायचा एक तुकडा घ्यायचा, मधे खाच पाडायची, खालून कटर उलटा स्क्रूने बसवायचा, ४ इंची लाकडाचं पातं लावायचं, दोन लाकडी घोड्यांवर ठेवायचं, झाला टेबल सॉ. मुंबई-ठाण्यात दहातल्या आठ साईटवर हेच दिसेल. मालक चौरस फुटावर पैसे देतो. पन्नास हजारांचं मशीन कोण घेणार आणि चौथ्या मजल्यावर कोण चढवणार?

माझ्या जोडीदाराच्या मधल्या बोटाचं पेर त्यात गेलं. तेव्हापासून मी जपून करतो. पण पट्टी, गार्ड असलं काही त्याला लागत नाही. मग काय करायचं ते सांगा.

---

आळीतले_काका
मंगळवार, सकाळी ९.१०

साईटवाले दादा, तुमचं म्हणणं खरं आहे, आणि हा धागा तुमच्यासारख्यांसाठीच जास्त गरजेचा. तुमची जागा, तुमचे पैसे मला कळतात. तरी सांगतो, उलटा कटर बंद करा.

मार्बल कटर दगडासाठी केलेला असतो. दगडाच्या हिऱ्याच्या पात्याला दात नसतात, त्यामुळे ते वस्तू पकडून फेकत नाही. तो मिनिटाला १२,००० फेऱ्यांच्या घरात फिरतो. ११० मिमीचं पातं म्हटलं तर कडेचा वेग सातारकरांच्या १० इंची पात्यापेक्षाही जास्त होतो. त्याला दात लावायचे, संरक्षक झाकण काढायचं, पाचर नाही, बटण टेबलाखाली आणि तेही दाबून अडकवलेलं. तुकडा उडाला तर एका हाताने बोट सावरायचं आणि दुसऱ्या हाताने टेबलाखाली बटण शोधायचं. माणसाला हे जमत नाही.

पर्याय आहे. लाकूड फिरवू नका, मशीन फिरवा. ७ इंची हातातला सर्क्युलर सॉ घ्या, ज्याचं खालचं गार्ड स्प्रिंगने आपोआप बंद होतं. टेबल सॉच्या किमतीपुढे तो खूप स्वस्त पडतो. अख्खी ८ बाय ४ ची प्लाय जमिनीवर थर्माकोलच्या जाड शीटवर आडवी टाका. सरळ पट्टी घ्या. अल्युमिनियमचा आयताकृती पाइप, आठ फुटी, दोन सी-क्लॅम्पने प्लायवर आवळा आणि सॉ त्याला टेकवून चालवा. पातं प्लायपेक्षा दोन-तीन सूत खाली (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दोन्ही हात मशीनच्या मुठींवर राहतात, बोटं पात्याजवळ जातच नाहीत. आणि कापही उलट्या कटरपेक्षा सरळ येतो, हे पहिल्याच शीटला दिसेल. एक दिवस सवय व्हायला जाईल. तुमच्या जोडीदाराला माझा नमस्कार सांगा.

---

साईटवाला
मंगळवार, दुपारी २.३०

थर्माकोलचं डोक्यात नव्हतं आलं. मोठ्या शीटला हे चालेल. बारीक पट्ट्यांचं काय? लिपिंगच्या, म्हणजे प्लायच्या कडेला लावायच्या, पाऊण इंची पट्ट्या शंभर-शंभर लागतात.

---

आळीतले_काका
मंगळवार, दुपारी ४.००

त्या टिंबरवाल्याकडून मापात चिरून घ्या. फुटामागे थोडे पैसे जातात. तुमच्या बोटांच्या मानाने काहीच नाहीत.

---

शेटफळचा
मंगळवार, रात्री ८.३०

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. लाईट.

आमच्या गावात दिवसातून चार वेळा लाईट जाते. माझं मशीन साध्या बटणाचं होतं. एकदा कापता कापता लाईट गेली. मी बटण बंद न करता पात्यात अडकलेली फळी सोडवायला लागलो, कारण मशीन बंदच आहे असं मनाने धरलं होतं. फळी बाजूला ठेवली, पात्याजवळचा भुसा हाताने झाडला, वळलो, आणि लाईट आली. मागे पातं सुरू झालेलं. दहा सेकंद आधी माझी बोटं तिथे होती.

दुसऱ्या दिवशी शेतातल्या मोटरीला असतो तसा हिरव्या-लाल बटणाचा स्टार्टर बसवून घेतला. लाईट गेली की त्यातली कॉइल सुटते, आणि परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन चालू होत नाही. वायरमनला सांगायचं, मशीनच्या अँपिअरचाच बसव. आणि शेतावर स्टार्टरला आपण जे ‘ऑटो’ लावतो, लाईट आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून, ते इथे चुकूनही लावू नका. पंपाला ते चांगलं, इथे घात करेल.

पातं बदलताना तर प्लगच काढायचा. काढलेला प्लग मी समोर टेबलावर ठेवतो, डोळ्यांना दिसेल असा.

---

स्टुटगार्टकर
मंगळवार, रात्री ११.१५

शेटफळचा, शाब्बास. युरोपातल्या मशीनला असाच स्विच कारखान्यातूनच लावून येतो.

सातारी_रंधा, पातं का विचारलं ते सांगतो. पाचरीची जाडी ही पात्याच्या मधल्या पत्र्यापेक्षा जास्त आणि दातांनी पाडलेल्या चिरीपेक्षा कमी असावी लागते. उदाहरणार्थ पत्रा १.८ मिमी आणि चीर २.६ मिमी असेल तर पाचर २.२ च्या आसपास हवी. पाचर पत्र्यापेक्षा पातळ असेल तर लाकूड मिटून पात्याला भिडतं. चिरीपेक्षा जाड असेल तर लाकूड पाचरीवर अडतं. तुमचं अडखळणं नव्या पात्यानंतर सुरू झालं असेल तर माझा संशय तिथेच आहे. पाचरीवर बहुतेक वेळा जाडी कोरलेली असते. बघा.

---

न्यूजर्सीचा_भुसा
बुधवार, पहाटे ४.२०

इथे आमच्या सामायिक वर्कशॉपमध्ये सॉस्टॉप आहे, म्हणजे बोट लागताच पातं थांबवणारा टेबल सॉ, त्याबद्दल लिहितो, कारण हल्ली भारतातूनही लोक विचारतात. स्टीव्ह गास नावाच्या गृहस्थांनी १९९९ मध्ये ही कल्पना काढली. ते भौतिकशास्त्रातले डॉक्टरेट आणि पेटंटचे वकील. पात्यावर बारीक विद्युत संकेत सोडलेला असतो. अंगाला स्पर्श झाला की तो बदलतो, आणि स्प्रिंगने अल्युमिनियमचा ठोकळा पात्याच्या दातांत घुसतो. पाच मिलिसेकंदांत पातं थांबतं. बोटाऐवजी सॉसेज लावून दाखवलेलं प्रात्यक्षिक पुष्कळांनी पाहिलं असेल. सॉसेजवर फक्त ओरखडा उठतो. ठोकळा आणि पातं दोन्ही बाद होतात, पण त्याची किंमत बोटाशी कुणी तोलत नाही. लाकूड फार ओलं असेल तरी ब्रेक सुटतो, म्हणून ओल्या लाकडाचं आधी बघावं लागतं.

पण मूळ धाग्याशी संबंध असा, की हा ब्रेक लाकूड उडणं थांबवत नाही. तो फक्त अंगाचा स्पर्श ओळखतो. सातारकरांच्या कमरेवर प्लाय आपटली ती सॉस्टॉप असतानाही आपटलीच असती. आमच्याकडे नव्या माणसाला हेच आधी सांगतात आणि पाचर बसलेली दाखवल्याशिवाय चावी देत नाहीत.

---

गोदाकाठ
बुधवार, सकाळी ११.००

सगळं वहीत उतरवून घेतलं. ढकलकाठी कशी करायची? विकतच्या प्लास्टिकच्या आहेत त्या टोकाला हलक्या वाटतात.

---

आळीतले_काका
बुधवार, संध्याकाळी ५.४०

काठीपेक्षा बूट करा. १८ मिमी प्लायचा तुकडा, १० इंच लांब, ५ इंच उंच. वर मूठ करवतीच्या मुठीसारखी कोरायची, हात टेबलापासून चार बोटं वर राहील अशी. खालची कड पूर्ण सपाट, फक्त मागच्या टोकाला अर्धा इंच लांबीची टाच खाली सोडायची. टाच कापायच्या लाकडापेक्षा कमी जाड हवी, नाहीतर ती टेबलावर टेकते आणि बूट लाकडावर बसतच नाही. मी तिला दोन सूत ठेवतो.

फायदा असा की लाकूड मागून ढकललंही जातं आणि वरून दाबलंही जातं. काठीच्या टोकाने नुसतं ढकललं जातं, पुढचं टोक उचलायला मोकळं राहतं. बूट कापला जातो, त्याचं वाईट वाटू देऊ नका, त्याचसाठी तो आहे. एकदम चार कापून ठेवा. मुठीच्या कडा मात्र कानशीने, पॉलिश पेपरने गोल करून घ्या, हाताला बरं वाटलं तरच तो उचलला जातो.

पात्याची उंची लाकडापेक्षा दातभर वर, जास्त नको. आणि कापताना पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. फेन्स उजवीकडे असेल तर आपण जरा डावीकडे.

---

पाच_काप
बुधवार, रात्री ९.५५

सुरक्षेचं भरपूर झालं, थोडं गुण्याबद्दल, म्हणजे काटकोनाबद्दल, लिहितो, कारण फेन्स वाकडी असेल तर वरचं सगळं करूनही लाकूड मागच्या दातांना घासणारच.

आधी पातं टेबलाच्या खाचेला समांतर आहे का बघा. प्लग काढून एका दातावर मार्करने खूण करा. तो दात पुढे आणून खाचेपासून अंतर घ्या, मग तोच दात फिरवून मागे नेऊन पुन्हा घ्या. दोन्ही सारखं हवं. एकच दात वापरायचा, नाहीतर पात्याचा वाकडेपणा मापात मिसळतो. मग फेन्स त्याच खाचेला समांतर लावा. माझ्या फेन्सचं मागचं टोक मी कागदाच्या जाडीएवढं बाहेर ठेवतो. आत तर कधीच नसावं.

आडव्या कापासाठी फेन्स वापरू नका, स्लेड करा, म्हणजे लाकूड वर ठेवून पात्यावरून सरकवायची पाटी. १२ मिमी चांगली प्लाय, खाली खाचेत सरकणाऱ्या सागाच्या दोन पट्ट्या, त्यांना मेण, आपल्या बाजूला एक जाड आडवी पट्टी. पातं जिथून बाहेर येतं तिथे पट्टीच्या मागे लाकडाचा ठोकळा चिकटवा, म्हणजे अंगठा तिथे जाणार नाही. पट्टी गुण्यात आहे का हे गुण्या लावून नाही, कापून बघायचं. साधारण ४०० मिमीचा चौरस तुकडा घ्या. एक कड कापा, तीच कड पट्टीला टेकवून दुसरी, असं चारही बाजूंनी. मग पहिली बाजू पुन्हा कापा, साधारण सेंटीमीटरभर पट्टी निघेल अशी. त्या पाचव्या पट्टीची दोन्ही टोकं व्हर्निअरने (बारीक माप घ्यायच्या कॅलिपरने) मोजा. माझी पहिल्यांदा एकीकडे १०.२ आणि दुसरीकडे ९.४ मिमी आली. फरक ०.८, चार कापांची चूक साठलेली, म्हणून भागिले चार. म्हणजे ४०० मिमीत ०.२ मिमी वाकडं. साध्या गुण्याला हे दिसलंच नसतं. पट्टीचा एक स्क्रू सैल करून, गॅरेजमध्ये मिळतो तो ०.२ मिमीचा फिलर (फट मोजायची पातळ पत्री) मधे ठेवून पुन्हा आवळली. दुसऱ्यांदा फरक ०.०५ वर आला. त्या स्लेडवर केलेल्या फोटोफ्रेमचे कोपरे सहा वर्षांनीही मिटलेले आहेत.

आणि मास्क. कठीण लाकडाचा भुसा नाकातल्या कर्करोगाचं कारण म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नोंदवलाय. तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-९५ घ्या.

---

शेटफळचा
गुरुवार, सकाळी ७.००

चार कापांची चूक एका पट्टीत साठवायची, हे फार आवडलं. या रविवारी करून बघतो.

---

सातारी_रंधा
शनिवार, रात्री ९.०५

मंडळी, स्टुटगार्टकरांचा संशय खरा निघाला.

खणातून पट्टी काढली. इतकी वर्षं तिच्यावरचे आकडे मी वाचलेच नव्हते. २.२ असं कोरलेलं आहे. नव्या पात्याने एका टाकाऊ प्लायमध्ये चीर पाडून व्हर्निअरने मोजली. २.० मिमी. जुनं बोथट पातं अजून होतं, त्याची चीर २.६. म्हणजे दिवाळीपासून मी पाचरीपेक्षा अरुंद चीर पाडत होतो. लाकूड अडायचं, मला राग यायचा, आणि शेवटी पाचर खणात गेली. पातं घेताना मी फक्त व्यास, मधलं भोक आणि दात किती एवढंच विचारलं होतं. दुकानदारानेही जाडी विचारली नाही.

काल पुण्याच्या टिंबर मार्केटला जाऊन व्हर्निअर खिशात घेऊनच पातं आणलं. ४० दात, पत्रा १.८, चीर २.६. आज पाचर बसवली, तिच्या आणि दातांच्या मधे ६ मिमी राहिले. काकांचा बूट केला, मूठ मुलीच्या हाताने तपासून घेतली. शेटफळच्या दादांचा स्टार्टर पुढच्या आठवड्यात वायरमन बसवतोय, तोवर लाईट गेली की आधी प्लग काढायचा, असं शेडच्या दारावर लिहिलंय. शेजारी मनगट यांचा कागद.

मग उरलेले तीन तुकडे कापले. पहिल्याला हात थरथरत होता, म्हणून मशीन बंद करून पाच मिनिटं बाहेर ओट्यावर बसलो आणि परत आलो. लाकूड पाचरीच्या दोन्ही बाजूंनी सरळ निघून गेलं, कुठे अडलं नाही.

गोदाकाठताई, तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं होतं. कपाटाचे खण उद्या जोडतोय.